हेल्थ इन्फॉर्मेटिक्स एम.एस्सी.: बी.फार्म.नंतर आधी काय शिकावं आणि प्रबंधाचा डेटा कसा हाताळावा?

तासगावकर

नमस्कार मंडळी. बी.फार्म. झालं आहे, राहणार तासगाव. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सच्या (आरोग्याची माहिती संगणकावर साठवणं-वापरणं याचं शास्त्र) दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश नक्की झालाय. वर्ग सुरू व्हायला चारेक महिने आहेत, ते वाया घालवायचे नाहीत. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, प्रोग्रामिंग अजिबात येत नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं. सुरुवात पायथॉनने करू, आरने की एसक्यूएलने? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, तो पुरेल का?

दोन, मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाने प्रबंधासाठी तत्त्वतः होकार दिलाय. मधुमेह ओपीडीचा २०१९ ते २०२३ असा पाच वर्षांचा डेटा मिळेल. डोक्यात विषय आहे 'मशीन लर्निंगने मधुमेहाचं भाकीत'. जमण्यासारखा आहे का?

तीन, एचएल-सेव्हन, फायर, स्नोमेड, लॉइंक, आभा ही आरोग्य-नोंदींच्या मानकांची आणि ओळख-क्रमांकाची नावं अभ्यासक्रमात सगळीकडे आहेत. यातलं नेमकं किती खोलात शिकायचं?

---

आयर्विनपूल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एसक्यूएल. रुग्णालयाची माहिती टेबलांमध्ये असते आणि त्यातून बरोबर ओळी बाहेर काढणं हेच यातलं निम्म्याहून जास्त काम. ओळीच चुकीच्या निघाल्या तर पुढे पायथॉन कितीही सफाईने लिहा, उत्तर चुकणारच.

पोस्टग्रेस (एसक्यूएल चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) उतरवून घ्या आणि सरावाला फिजिओनेट या संशोधन-डेटाच्या संकेतस्थळावरचा मिमिक-४ चा डेमो वापरा. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरमधल्या रुग्णांची, ओळख पुसलेली माहिती आहे ती. डेमोत १०० रुग्ण आहेत, तो सर्वांना मोफत खुला आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालतो. पूर्ण संच हवा असेल तर संशोधन-नीतीचा 'सिटी' नावाचा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, मार्गदर्शकाचं नाव द्यावं लागतं आणि करारावर सही करावी लागते. तो डेटा नंतर कुणालाही पुढे द्यायचा नाही, अगदी एखाद्या ऑनलाइन एआय चॅटमध्ये चिकटवायचासुद्धा नाही. पूर्ण संचात लॅबच्या एकाच टेबलात दहा कोटींहून जास्त ओळी आहेत. ८ जीबीवर तो सगळा ओतू नका, हव्या त्या तपासण्या गाळून तेवढ्याच घ्या.

पहिला सराव हा करा: प्रत्येक ॲडमिशनचं, दाखल झाल्यापासून २४ तासांतलं सगळ्यात पहिलं क्रिएटिनिन काढा (मूत्रपिंडाच्या कामाची रक्त-तपासणी; त्यांच्या यादीत आयटम क्रमांक ५०९१२). दिसायला सोपं आहे, पण या एका सरावात चार खड्डे आहेत.

लॅबच्या बऱ्याच ओळींमध्ये ॲडमिशन क्रमांक रिकामा असतो. तुम्ही त्या क्रमांकावरून दोन टेबलांची जोडणी केलीत की त्या ओळी गुपचूप गळतात, एररही येत नाही. म्हणून रुग्ण क्रमांक आणि वेळेची चौकट यांवर जोडायचं. शिवाय कॅज्युअल्टीत घेतलेल्या नमुन्याची वेळ दाखल होण्याच्या नोंदीआधीची असू शकते. चौकट किती मागे न्यायची हे तुम्ही ठरवायचं आणि प्रबंधात लिहून ठेवायचं.

दुसरं, निदानाचं टेबल जोडलंत की ओळी फुगतात. एका ॲडमिशनला १२ निदानं असतील तर तेच क्रिएटिनिन १२ वेळा मोजलं जातं आणि सरासरी त्या रुग्णाकडे झुकते. प्रत्येक जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी किती, वेगळे रुग्ण किती, हे मोजायची सवय लावून घ्या. या एका सवयीने जेवढ्या चुका पकडल्या जातात तेवढ्या दुसऱ्या कशानेच नाही.

तिसरं, निदानाचे कोड आयसीडी-९ आणि आयसीडी-१० (आजारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) अशा दोन्ही आवृत्त्यांतले आहेत, आणि टिंबाशिवाय साठवलेले. फक्त ई११ (आयसीडी-१० मधला टाइप २ मधुमेह) शोधलंत तर आयसीडी-९ च्या २५० मालिकेतले मधुमेही सगळे हुकतात.

चौथं, तारखा मुद्दाम सरकवून २१०० सालाच्या पुढे नेल्या आहेत, आणि ८९ वर्षांवरच्यांचं वय सरसकट ९१ लिहिलेलं आहे. वयाचा आलेख काढला की ९१ ला मोठा खांब दिसतो, त्याचं कारण हे.

रोज तासभर दिलात तर दीड महिन्यात एसक्यूएल हाताला बसेल. मग पायथॉन आणि त्यातली टेबलं हाताळायची लायब्ररी पांडाज. संख्याशास्त्राचे शिक्षक आरवाले असतील तर आर. त्यावरून वाद घालत बसू नका.

---

कृष्णाघाट

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. पाठांतर करू नका. एकच गोष्ट, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी), घ्या आणि ती या सगळ्या मानकांमधून फिरवून बघा.

लॉइंक सांगतं की तपासणी कोणती. टक्क्यांतल्या एचबीए१सीचा कोड ४५४८-४. हीच तपासणी मिलिमोल प्रति मोलमध्ये दिली तर कोड वेगळा, ५९२६१-८. दोन्ही आकडे एकाच रकान्यात पडले तर ७ आणि ५३ शेजारी शेजारी दिसतात, आणि खरं तर ते एकच मूल्य आहे. साखरेचंही तसंच: उपाशीपोटी १५५८-६, जेवणानंतर दोन तासांनी १५२१-४. लॅबने नुसतं 'शुगर' लिहिलं असेल तर कोड देताच येत नाही, आणि तो अंदाजाने द्यायचा नाही. स्नोमेड सांगतं की रुग्णाला काय आहे: टाइप २ मधुमेह म्हणजे ४४०५४००६. आयसीडी-१० मध्ये तो ई११, पण आयसीडीचं काम मोजणी आणि वर्गवारीचं आहे, डॉक्टरच्या मनातला बारकावा टिपायचं काम स्नोमेडचं. भारत स्नोमेडचा सदस्य देश असल्यामुळे आपल्याला ते मोफत वापरता येतं. नोंदणी पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय ईएचआर मानक केंद्रामार्फत होते. फायर हा या सगळ्याला वाहून नेणारा, एचएल-सेव्हन या संस्थेने बनवलेला साचा. आपल्याकडे आवृत्ती आर-४ चालते.

हातानं करायचं काम असं. हापी नावाचा मोफत फायर सर्व्हर डॉकरमधून (सॉफ्टवेअर तयार डब्यात चालवणारं साधन) स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा. एक पेशंट, एक एनकाउंटर (रुग्णाची भेट) आणि तीन ऑब्झर्व्हेशन (तपासणीच्या नोंदी) हाताने लिहून आत घाला. रक्तदाब मुद्दाम घ्या, कारण तो दोन ऑब्झर्व्हेशन म्हणून जात नाही. एकच ऑब्झर्व्हेशन, कोड ८५३५४-९, आणि त्याच्या पोटात दोन घटक: वरचा ८४८०-६, खालचा ८४६२-४. वेगवेगळे पाठवलेत तर कुठला वरचा कुठल्या खालच्याशी जोडायचा हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. पेशंट आत जायच्या आधी ऑब्झर्व्हेशन पाठवलं की संदर्भ सापडत नाही म्हणून सर्व्हर ते नाकारतो. सगळं एका ट्रान्झॅक्शन बंडलमध्ये (एकत्रच स्वीकारल्या जाणाऱ्या गाठोड्यात) बांधून पाठवा. दुसरी गोष्ट वेळेची. फायरमध्ये वेळ लिहिली की टाइमझोन लिहावाच लागतो, आपला +०५:३०. साठवताना तो जागतिक वेळेत गेला आणि वाचताना परत आणला नाही, तर पहाटे ४:३० चा नमुना आदल्या रात्री ११ चा दिसतो, म्हणजे तारीखच बदलते. आयसीयूच्या डेटात हे फार महागात पडतं.

इंटरनेटवर हापीचा सार्वजनिक चाचणी सर्व्हरही आहे. त्यात खऱ्या रुग्णाचं एक अक्षरही टाकू नका. तिथलं सगळं सगळ्यांना दिसतं.

आभाबद्दल: आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं. आभा म्हणजे त्यातला ज्याचा-त्याचा आरोग्य-ओळख क्रमांक, १४ आकडी. या मिशनशी जोडायचं तर रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरला तीन टप्पे पार करावे लागतात: एम-१ मध्ये आभा तयार करणं व पडताळणं, एम-२ मध्ये आपल्याकडची नोंद रुग्णाच्या संमतीने पुढे देणं, एम-३ मध्ये दुसरीकडची नोंद संमतीने मागवणं. सँडबॉक्स (चाचणीची जागा) खुला आहे, बघून ठेवा. यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नोंद पाठवताना लॅबचा रिपोर्ट कोड लावलेल्या ऑब्झर्व्हेशनच्या रूपातही पाठवता येतो आणि नुसती पीडीएफ जोडूनही. पीडीएफ माणसाला वाचता येते, पण त्यातून 'तालुक्यात किती जणांचं एचबीए१सी ९ च्या वर आहे' हे काढता येत नाही. कुठलीही प्रणाली 'जोडलेली आहे' असं ऐकलंत की पुढचा प्रश्न हा विचारायचा: कोड जातो की चित्र जातं?

---

हळदपेठ

प्रबंधाच्या विषयावर स्पष्ट लिहितो, वेळेवर कळलेलं बरं. हा विषय घेऊ नका.

मधुमेह ओपीडीचा डेटा म्हणजे त्यातला जवळजवळ प्रत्येक रुग्ण मधुमेही. मग मॉडेल भाकीत कशाचं करणार? मधुमेह नसलेले रुग्ण तुमच्याकडे नाहीतच. ते दुसरीकडून आणून जोडले तर मॉडेल मधुमेह ओळखायला शिकत नाही, नोंद कुठल्या ओपीडीतून आली ते ओळखायला शिकतं. त्यात एचबीए१सी किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाचं नेहमीचं औषध) मॉडेलला पुरवलेलं असेल तर उत्तरच प्रश्नात लिहून दिल्यासारखं होतं. अचूकता ९८ टक्के येईल आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला ती कोसळेल.

तुमची खरी पुंजी बी.फार्म. आहे. औषधांच्या नोंदी घ्या. आपल्याकडे औषध ब्रँडच्या नावाने लिहिलं जातं, आणि मधुमेहात एकाच गोळीत दोन-तीन औषधं असणं नेहमीचं. त्याच ब्रँडच्या नावापुढे एम लागला की मेटफॉर्मिन आलं, एमव्ही लागलं की बहुधा मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज, एसआर म्हणजे हळू सुटणारी. 'बहुधा' म्हणतोय कारण हा संकेत सगळ्या कंपन्यांत सारखा नाही. संगणकाच्या विद्यार्थ्याला हा गुंता दिसतसुद्धा नाही, तुम्हाला तो वाचता येतो. अमेरिकेचं आरएक्सनॉर्म (औषधांच्या नावांची प्रमाण यादी) इथे कामाचं नाही, त्यात आपले ब्रँड नाहीत. डब्ल्यूएचओचे एटीसी (औषधांच्या वर्गवारीचे) कोड वापरा: मेटफॉर्मिन ए१०बीए०२, ग्लिमेपिराइड ए१०बीबी१२, व्होग्लिबोज ए१०बीएफ०३. एकत्रित गोळ्या ए१०बीडी गटात जातात, आणि तिथेच गोची होते. नुसते ए१०बीए०२ मोजलेत तर एकत्रित गोळीतलं मेटफॉर्मिन मोजणीतून निसटतं. म्हणून आधी प्रत्येक ब्रँड घटकांत फोडा, घटकाची मात्रा मिलिग्रॅममध्ये वेगळी लिहा, मग कोड लावा. मेटफॉर्मिनचा प्रमाण दैनिक डोस २ ग्रॅम, ग्लिमेपिराइडचा २ मिलिग्रॅम. एकक चुकलं की हजारपटीने चूक.

यातून प्रबंधाचा चांगला प्रश्न निघतो: रुग्णालयाच्या नोंदींवरून मधुमेही रुग्ण ओळखायचा तर निदानाचा कोड, एचबीए१सी आणि औषधं यांपैकी कशावर किती भरवसा ठेवावा? तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. कोड ओपीडीत बऱ्याचदा घातलाच जात नाही. एचबीए१सी ६.५ च्या वर असं धरलं तर उपचारांनी ६.१ वर आलेला रुग्ण निसटतो, आणि लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल तर आकडा खोटा वर जातो. मेटफॉर्मिन पीसीओएसच्या (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार) मुलींनाही दिलं जातं. कशाने किती चुकतं ते मोजणं हाच प्रबंध. मात्र त्यासाठी मधुमेह ओपीडीबरोबर जनरल मेडिसिन ओपीडीचाही डेटा मागा, नाहीतर 'मधुमेह नाही' हे बरोबर ओळखलं का, ते तपासताच येणार नाही.

---

अजिंक्यतारा

होकार 'तत्त्वतः' आहे म्हणताय, म्हणून लिहितो. नीतिमत्ता समितीच्या लेखी मंजुरीशिवाय फाइल हातात घेऊ नका, जुन्या नोंदींचा अभ्यास असला तरी. विद्यापीठाची समिती वेगळी, रुग्णालयाची वेगळी, दोन्हींची मंजुरी लागू शकते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांच्या संमतीतून सूट मिळण्याची सोय आहे, पण ती मागायची समितीकडे, आपली आपण घ्यायची नाही. समिती ठरावीक दिवशीच बसते आणि दुरुस्त्या सांगून प्रस्ताव परत पाठवते. अर्ज पहिल्या सत्रातच टाका. चौथ्या सत्रात टाकणाऱ्यांचं वर्ष जातं.

ओळख पुसणं म्हणजे नावाचा रकाना उडवणं नव्हे. तासगाव तालुक्यातलं एखादं छोटं गाव, वय ९२, स्त्री, तपासणीची तारीख: गावातला कुणीही सांगेल त्या आजी कोण. गावाऐवजी तालुका घ्या, वयाचे पाच-पाच वर्षांचे गट करा. तारखा सरकवा, पण एका रुग्णाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी, म्हणजे दोन भेटींमधलं अंतर टिकतं. डॉक्टरांच्या मोकळ्या टिपणांत नावं आणि फोन नंबर असतात, ती टिपणं शक्यतो मागूच नका. मोबाइल नंबराचा हॅश (सूत्राने काढलेलं सांकेतिक रूप) करून 'आता सुरक्षित झालं' असं बरेच जण समजतात. भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळ्या शक्यता ४०० कोटी. तेवढे हॅश साधा संगणकही काही तासांत काढतो आणि नंबर उघडा पडतो. रुग्णालयाने स्वतःकडे यादी ठेवून तुम्हाला निव्वळ अनुक्रमांक द्यावेत, ती किल्ली तिथेच राहावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही वाचून ठेवा.

आता फाइल आल्यावर काय बिघडतं ते. सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली मजकूर-फाइल) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. १४ आकडी क्रमांक १.२३ई+१३ असा दिसतो आणि तसाच सेव्ह झाला की गेला. पुढची शून्यं गळतात. लॅपटॉपची तारीख-पद्धत अमेरिकन असेल तर ०५/०३ चा ३ मे होतो, आणि १२ च्या पुढचा दिवस असलेल्या तारखा मजकूर म्हणून राहतात. अर्ध्या उलट, अर्ध्या न वाचता येणाऱ्या. आयात करताना प्रत्येक रकाना मजकूर म्हणूनच आणा, नंतर बदला. जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर अक्षरांऐवजी चिन्हं दिसतील. त्यासाठी कन्व्हर्टर लागतो, आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात.

एकच रुग्ण तीन नावांनी सापडेल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये जगदाळे दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, घरात मोबाइल एकच असतो आणि तो पाच जणांच्या केसपेपरवर असतो. साउंडेक्स (उच्चारावरून नावं जुळवायची पद्धत) इंग्रजी नावांसाठी बनलेलं आहे, आपल्या नावांवर कच्चं पडतं. आधी व्ही-डब्ल्यू, पीएच-एफ, दुहेरी अ एकसारखे करून घ्या, मग तालुका आणि जन्मवर्ष अधिक-उणे दोन एवढ्या कप्प्यात जोड्या शोधा. पद्धत फेलेगी-सुंटर यांची, १९६९ ची, आजही तीच चालते. पायथॉनमध्ये स्प्लिंक हे मोफत साधन आहे. हे काम नावांशिवाय होत नाही, म्हणून ते रुग्णालयाच्या आतच, त्यांच्या संगणकावर करून मग फाइल बाहेर काढायची. क्रम उलटा झाला की दुबार रुग्ण कायमचे आत राहतात.

आणि २०१९ ते २०२३ हा काळ आपल्या भागासाठी सरळ नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर, मध्ये २०२० चं लॉकडाउन. ओपीडीला न आलेला रुग्ण म्हणजे उपचार सोडलेला रुग्ण, असं या वर्षांत धरता येत नाही. मिरजेला सीमेपलीकडून अथणीकडचेही रुग्ण येतात, त्यांचा पुढचा उपचार तिकडेच झालेला असू शकतो.

---

तासगावकर

मनापासून आभार. विषय बदलतोय, हळदपेठ यांनी सांगितलेला प्रश्न घेतो. मार्गदर्शकांशी बोलायच्या आधी एकच विचारतो: खरा मधुमेही कोण हे ठरवायला केसपेपर हाताने तपासावे लागतील ना? किती?

---

हळदपेठ

संवेदनशीलता (खऱ्या मधुमेहींपैकी तुमच्या नियमाने किती ओळखले) साधारण ९० टक्के निघेल असं धरलं आणि ९५ टक्के विश्वासाने अधिक-उणे ५ टक्क्यांची अचूकता हवी असेल, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.९ गुणिले ०.१ भागिले ०.००२५, म्हणजे १३९. केसपेपर सापडत नाहीत, १५ टक्के गहाळ धरा, म्हणजे १६४ मागवा. पण हे १३९ खरे मधुमेही हवेत. फक्त नियमाने 'मधुमेही' ठरवलेले पेपर काढलेत तर त्यातले किती खरे एवढंच कळेल, नियमाने किती हुकवले ते कधीच कळणार नाही. म्हणून 'नाही' म्हटलेल्यांतूनही यादृच्छिक नमुना काढा आणि शेवटी दोन्ही गटांना ओपीडीतल्या मूळ प्रमाणाप्रमाणे वजन द्या. पेपर दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे, नियमाचा निकाल कुणालाही न दाखवता, आणि दोघांचं किती जुळलं ते कॅपा या जुळणी मोजणाऱ्या संख्याशास्त्रीय आकड्याने मांडायचं.

---

केसपेपर

वर राहून गेलेली एक गोष्ट. डेटा मागायच्या आधी दोन दिवस केसपेपर खिडकीशी आणि दोन दिवस लॅबमध्ये बसायची परवानगी घ्या. एका तपासणीला तीन वेळा असतात: डॉक्टरांनी लिहिली ती, नमुना घेतला ती, निकाल मंजूर झाला ती. निर्यात केलेल्या फाइलीत यातली एकच 'तारीख' म्हणून येते आणि कुठली ते रकान्याच्या नावावरून कळत नाही. बऱ्याच ठिकाणी ओपीडी कागदावर चालते आणि ऑपरेटर संध्याकाळी एकदम नोंदी भरतो, मग सगळ्या रुग्णांची वेळ पाच ते सातच्या दरम्यानची दिसते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली दाखल झालेल्यांच्या नोंदीत पॅकेजचं नाव असतं. ते निदान म्हणून मोजू नका, आरोग्यमित्रांना विचारलंत तर पॅकेज कसं निवडलं जातं ते नीट समजावून सांगतात. वही घेऊन जा, प्रत्येक रकान्यासमोर तो कोण भरतं, केव्हा भरतं आणि रिकामा राहिला तर काय होतं, एवढं लिहून आणा.